एकाकडे जागा नाही, दुसऱ्याकडे माणसे उरेनात

२० जानेवारी २०२१ रोजी मुंबईच्या विमानतळावरून करोना लशीच्या दोन खेपा परदेशी निघाल्या. एक हिमालयातल्या पारोला, दुसरी हिंदी महासागरातल्या मालेला. कुप्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या. भूतानसाठी दीड लाख मात्रा, मालदीवसाठी एक लाख. शेजाऱ्यांना लस पुरवण्याचा भारताचा उपक्रम सुरू झाला तो या दोन देशांपासून. तोवर दोघांनीही साथीवर आपापले उत्तर शोधले होते आणि ती उत्तरे एकमेकांच्या अगदी विरुद्ध होती. मालदीवने जुलै २०२० मध्येच, निम्मे जग घरात कोंडलेले असताना, पर्यटकांना प्रवेश दिला. भूतानने मार्च २०२० मध्ये मिटलेल्या सीमा पर्यटकांसाठी उघडल्या त्या थेट सप्टेंबर २०२२ मध्ये, अडीच वर्षांनी.

दोन्ही निर्णयांना धाडस लागले आणि दोन्हींमागे नाइलाजही होता. पर्यटक आले नाहीत तर मालदीवला तांदूळ आणि डिझेल विकत घ्यायला डॉलर उरत नाहीत. भूतानच्या दूरच्या खोऱ्यांत साथ शिरली असती तर ती आवरायला माणूसबळ नव्हते. म्हणून तिथे लस आल्यावर घाई न करता आधी पुरेसा साठा होऊ दिला गेला. मार्चच्या अखेरीस ज्योतिषांनी काढून दिलेल्या मुहूर्तावर, वानरवर्षात जन्मलेल्या एका स्त्रीला पहिली सुई टोचली गेली आणि पुढच्या दोन-अडीच आठवड्यांत देशातल्या दर दहा प्रौढांपैकी नऊ जणांना पहिली मात्रा मिळाली. आरोग्य कर्मचारी डोंगर चढून, बर्फ तुडवत, गरज पडली तिथे हेलिकॉप्टरने गावोगावी पोहोचले. मोठ्या देशांना जे महिनोन्‌महिने जमले नाही ते या देशाने जमवले, कारण माणसे मोजकी होती आणि त्यांच्यापर्यंत जाण्याची सवय यंत्रणेला आधीपासून होती.

मराठी वाचकाला हे दोन्ही देश ठाऊक आहेत ते मुख्यतः सहलींच्या जाहिरातींतून. एकात पाण्यावरची लाकडी घरे आणि निळा समुद्र, दुसऱ्यात कड्याला चिकटलेला मठ आणि ‘आनंदाचा निर्देशांक’. उरलेली चर्चा चीनची. माले कुणाच्या बाजूला झुकले, डोकलामच्या पठारावर काय चालले आहे, एवढ्यावर आपली उत्सुकता संपते. तिथला माणूस कसा राहतो, काय खातो, मुलाला कुठल्या शाळेत घालतो आणि तरुण झालेले ते मूल पुढे कुठे जाते, हे प्रश्न मागे पडतात. खरे तर भारताच्या शेजारात या प्रश्नांवर इतके शिकण्यासारखे दुसरे दोन देश सापडणे कठीण.

दोघांची तुलना रास्त ठरावी असे एक साम्य आहे. २००८ या एकाच वर्षी दोघांनी नवी राज्यघटना स्वीकारली आणि दोघांकडे बहुपक्षीय निवडणुका झाल्या. भूतानमध्ये लोकशाही राजानेच आणली. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी सत्ता सोडायची ठरवली तेव्हा ‘राजाच बरा’ म्हणणारी प्रजा मोठ्या संख्येने होती, तरीही त्यांनी ती सोडली. मालदीवमध्ये मौमून अब्दुल गयूम यांची तीस वर्षांची राजवट मोहम्मद नशीद यांनी मतपेटीतून हरवली. त्यापुढचे रस्ते मात्र वेगळे झाले. भूतानच्या मतदारांनी सत्तेवरचा पक्ष प्रत्येक निवडणुकीत शांतपणे घरी बसवला. मालदीवने २०१२ मध्ये नशीद यांचा वादग्रस्त राजीनामा पाहिला, माजी अध्यक्षांना तुरुंगात जाताना पाहिले आणि मे २०२१ मध्ये नशीद यांच्यावर झालेला बॉम्बहल्लाही पाहिला.

आकड्यांत पाहिले तर मालदीव दक्षिण आशियातला सर्वांत श्रीमंत देश आहे. दरडोई उत्पन्न भूतानच्या तिप्पट. सरासरी आयुर्मान ऐंशीच्या घरात. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला हिवतापमुक्त जाहीर केले. हा मान आपल्याला अजून मिळालेला नाही. सन १९७२ मध्ये ‘कुरुंबा’ हे पहिले रिसॉर्ट उघडले तेव्हा मासेमारीवर जगणारा हा गरीब, जगापासून तुटलेला देश होता; २०२४ मध्ये तिथे २० लाखांहून अधिक पर्यटक आले. पन्नास वर्षांत एवढी मजल मारणारे देश थोडेच.

पण या श्रीमंतीला राहायला जागा नाही. सुमारे १,२०० बेटे, त्यांतली दोनशेच्या आत-बाहेर वस्तीची, आणि सगळी जमीन एकत्र केली तर ३०० चौरस किलोमीटरही भरत नाही; बृहन्मुंबईचे क्षेत्रफळसुद्धा याहून दीडपट भरेल. ही जमीन उत्तर-दक्षिण आठशेहून अधिक किलोमीटर पसरलेल्या समुद्रात ठिपक्यांसारखी विखुरलेली. २०२२ च्या जनगणनेत देशात ५ लाख १५ हजार माणसे राहत होती आणि त्यांतली दहापैकी चार एकट्या माले शहरात.

माले हे मूळ बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे. एका टोकाकडून निघालेला माणूस अर्ध्या तासात दुसऱ्या टोकाला पोहोचतो. त्यावर दाटीवाटीने उभ्या आठ-दहा मजली इमारती, बोळांसारखे रस्ते, त्यांत दुचाक्यांच्या रांगा. भाडी इतकी की दोघे कमावते असूनही एका पगाराचा बराचसा भाग घरमालकाकडे जातो. एकाच खोलीत तीन पिढ्या राहणे, झोपायच्या वेळा वाटून घेणे हे तिथल्या मध्यमवर्गालाही परके नाही. गिरणगावातल्या खोल्यांमध्ये वाढलेल्या मुंबईकराला हे समजावून सांगावे लागणार नाही. फरक एवढाच की मुंबईकराला विरार-बदलापूर तरी होते. मालेकरांसाठी सरकारला समुद्रात वाळू ओतून हुलहुमाले नावाचे बेटच नव्याने तयार करावे लागले. ते काम १९९७ मध्ये सुरू झाले, २००४ पासून लोक राहायला गेले आणि २०१८ मध्ये चीनने बांधलेल्या पुलाने ते मालेला जोडले गेले. आता दुसऱ्या बाजूच्या बेटांना जोडणारा पावणेसात किलोमीटरचा थिलामाले पूल भारताच्या पैशाने होतो आहे. त्याचे कंत्राट मुंबईच्या अफकॉन्स कंपनीकडे आहे.

लोक मालेला का येतात? दूरच्या बेटावर घर आहे, अंगण आहे, नारळाची झाडे आहेत. पण अकरावी-बारावीची शाळा सगळ्या बेटांवर नाही, तज्ज्ञ डॉक्टर नाही, बाळंतपण अडले तर बोटीची वाट पाहायची. पाचशे-सातशे वस्तीच्या बेटावर शल्यचिकित्सक नेमायचा तर त्याला काम पुरत नाही, न नेमावा तर माणूस दगावतो. प्रत्येक बेटाला स्वतःचे वीजघर लागते, तेही बहुतेक ठिकाणी डिझेलवरचे. स्वतःचा बंदराचा धक्का लागतो, कचऱ्याची सोय लागते. जे मोठ्या देशात एका तालुक्याला एकदा करून भागते ते इथे दोनशे वेळा करावे लागते. मालेचा कचरा तर तीसेक वर्षे थिलाफुशी नावाच्या कृत्रिम बेटावर नेऊन टाकला गेला, कित्येक वर्षे उघड्यावर जाळला गेला, आणि त्याचा धूर शेजारच्या बेटांवर जात राहिला. पर्यटकांच्या छायाचित्रांत थिलाफुशी कधी येत नाही.

पाण्याचे तर विचारूच नये. बेटाखाली गोड्या पाण्याचा पातळ थर असतो. वस्ती वाढली की तो खारा किंवा घाण होतो. मालेची तहान पूर्णपणे समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या यंत्रांवर भागते. डिसेंबर २०१४ मध्ये त्या प्रकल्पाला आग लागली आणि राजधानीचे नळ एका दिवसात कोरडे पडले. भारताने विमानांतून बाटलीबंद पाणी पाठवले, नौदलाची जहाजे गोड्या पाण्याचा साठा आणि पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा घेऊन गेली. दुकानांत पाण्याच्या बाटल्यांसाठी रेटारेटी झाली. दरडोई उत्पन्नात आपल्या कितीतरी पुढे असलेल्या देशाची राजधानी एका यंत्रघरातल्या आगीने तहानलेली राहते, ही गोष्ट विकासाचे तक्ते मांडणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी.

भूतानमध्ये चित्र उलटे. ३८ हजार चौरस किलोमीटरचा मुलूख, म्हणजे साधारण केरळएवढा, आणि माणसे साडेसात-आठ लाख. केरळात साडेतीन कोटी राहतात. कमीत कमी ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहील असे राज्यघटनेतच लिहिलेले, आणि प्रत्यक्षात जंगल सत्तर टक्क्यांच्या आसपास. उपचार आणि शाळा सरकारकडून मोफत. पाणी, हवा, झाडी यांची ददात नाही. गंगखार पुएन्सुम हे जगातल्या अजिंक्य शिखरांपैकी सर्वांत उंच शिखर भूतानमध्ये अजिंक्य उरले आहे, कारण पर्वत देवांचे मानून सरकारने त्यांच्यावर चढाईच बंद केली. पैसा मिळवून देणारी गोष्ट श्रद्धेसाठी सोडून देणारे सरकार विरळाच, आणि त्याबद्दल भूतानचे कौतुक मनापासून करायला हवे.

मग अशा देशातून तरुण निघून का जात आहेत?

२०२२ मध्ये भूतानमधल्या तरुणांची बेरोजगारी २८ टक्क्यांवर गेली होती. शाळा मोफत असल्याने मुले शिकली. शिकल्यावर त्यांना शेती नको झाली, त्यात नवल नाही. उतारावरच्या चिंचोळ्या शेतात बैलाने नांगरायचे आणि पीक हाताशी आले की रानडुकरे, माकडे, दक्षिणेला हत्ती येऊन ते फस्त करणार. कारखाने मोजके. खासगी कंपन्या लहान. सरकारी नोकरी हेच ध्येय, आणि सरकार तरी किती जणांना सामावणार? त्यामुळे पूर्वेकडच्या जिल्ह्यांत कुलूप लावलेली घरे वाढली. अशा ओस घराला तिथे ‘गुंगटोंग’ म्हणतात आणि संसदेत, वर्तमानपत्रांत हा शब्द आता नेहमी येतो. गावातून थिंफूला, थिंफूहून पर्थला अशी ही वाट आहे. शिक्षक, परिचारिका, सरकारी अधिकारी राजीनामे देऊन ऑस्ट्रेलियाला गेले. तिथे शिक्षणाच्या व्हिसावर राहून वृद्धाश्रमांत, हॉटेलांत, गोदामांत काम करतात आणि थिंफूतल्या पगाराच्या कितीतरी पट कमावतात.

पावो चोयनिंग दोर्जी यांचा ‘लुनाना: अ याक इन द क्लासरूम’ हा चित्रपट २०२२ मध्ये ऑस्करच्या अंतिम नामांकनापर्यंत पोहोचला. त्यातला नायक दुर्गम खोऱ्यात बदली झालेला तरुण शिक्षक आहे आणि त्याचे लक्ष लागलेले आहे ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाकडे. जगाने त्यात हिमालयाचे सौंदर्य पाहिले असेल. भूतानी प्रेक्षकाने त्यात स्वतःच्या घरातला मुलगा पाहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचवे राजे जिग्मे खेसर नामग्येल वांगचुक ऑस्ट्रेलियाला गेले तेव्हा हजारो भूतानी त्यांना भेटायला जमले. परत या, देशात तुमच्यासाठी संधी उभ्या करतो आहोत, असे सांगायला राजाला परक्या खंडावर जावे लागले, यावरून प्रश्न किती खोल गेला आहे ते कळते. जानेवारी २०२४ मध्ये शेरिंग तोबगे पुन्हा पंतप्रधान झाले त्या निवडणुकीतही अर्थव्यवस्था आणि देश सोडून जाणारे तरुण हेच मुद्दे अग्रभागी होते.

आनंदाच्या निर्देशांकाची इथे टिंगल करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळायला हवा. माणसाची वेळ, झोप, शेजारधर्म, जंगल या गोष्टी मोजण्याचा प्रयत्न प्रामाणिक होता आणि त्यातून चांगली धोरणेही निघाली. पण समाधान मोजता येते म्हणून रोजगार निर्माण होत नाही, आणि १९९९ मध्ये दूरचित्रवाणी व इंटरनेट एकदमच आलेल्या पिढीला पर्थमधल्या भावाचे घर रोज मोबाइलवर दिसते.

दोन्ही देशांच्या तिजोऱ्या पाहिल्या की एक दुखणे सारखेच आढळते. दोघेही एकाच दाराच्या घरात राहतात. मालदीवचे दार म्हणजे पर्यटन. भूतानचे दार म्हणजे नद्यांवरची वीज आणि तिचे एकमेव मोठे गिऱ्हाईक भारत. चुखा, ताला, मांगदेछू अशा एकामागून एक प्रकल्पांनी भूतानला रस्ते, शाळा आणि दवाखाने दिले. १,२०० मेगावॉटचा पुनात्सांगछू-एक हा प्रकल्प मात्र २०१३ मध्ये धरणाच्या जागेचा डोंगर खचल्यामुळे एका दशकाहून अधिक काळ रखडला, खर्च फुगत गेला आणि कर्ज भूतानच्या नावावर चढत राहिले. हिवाळ्यात नद्या आटतात तेव्हा वीज विकणारा हा देश भारताकडून वीज विकत घेतो. २०२२ मध्ये परकीय चलनाचा साठा घसरल्यावर त्याने मोटारींची आयातच थांबवली. तिकडे मालदीवची २०२४ मध्ये इस्लामी रोख्यांचे हप्ते फेडताना दमछाक झाली आणि भारताच्या चलन अदलाबदलीच्या कराराने वेळ निभावली. कर्ज दोघांवरही वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नाहून जास्त आहे. मोठ्या देशात एक उद्योग बसला की दुसरा तोलून धरतो. इथे तोलून धरायला दुसरे काही नाही.

ताटातले अन्नही बाहेरून येते. मालदीवमध्ये टुना मासा आणि नारळ सोडला तर जवळपास सगळेच आयात होते. भारत दरवर्षी ठरावीक कोट्याने तांदूळ, कणीक, साखर, अंडी, बटाटे, कांदे पाठवतो. बांधकामासाठी खडी आणि वाळूसुद्धा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा नाशिक-नगरचा शेतकरी रस्त्यावर उतरला होता. त्या बंदीच्या काळातही ज्या मोजक्या देशांना कांदा द्यायचे ठरले त्यांत भूतान होता आणि मालदीवही होता. लासलगावच्या बाजारात जे ठरते त्याचा परिणाम थिंफूच्या आणि मालेच्या भाजीवर होतो, इतके हे नाते रोजचे आहे. त्या वेळी भारत आणि मालदीव यांच्या सरकारांत तणाव असूनही २०२४-२५ साठी मालदीवचा कोटा भारताने वाढवला. समाजमाध्यमांवरच्या मालदीव-बहिष्काराच्या गदारोळापेक्षा हा निर्णय कितीतरी शहाणा होता. त्या बहिष्काराने जे रिकामे राहिले ते अध्यक्षांचे निवासस्थान नव्हते. स्थानिक बेटांवर कर्ज काढून चार खोल्यांचे अतिथिगृह चालवणारी कुटुंबे त्यात भरडली गेली. २००९ नंतरच्या बदललेल्या नियमांनी सामान्य मालदीवी माणसाला पर्यटनाच्या पैशात पहिल्यांदा थेट वाटा दिला होता, तो या अतिथिगृहांमधून.

हवामान बदलाबद्दल बोलताना मालदीव लगेच आठवतो. देशाची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून दीड मीटर. ऑक्टोबर २००९ मध्ये नशीद यांच्या मंत्रिमंडळाने पाण्याखाली बैठक घेऊन ते जगाला दाखवले. १९८७ च्या उधाणानंतर जपानच्या मदतीने मालेभोवती संरक्षक भिंत उभी राहिली, मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर दिसतात तसे टेट्रापॉड रचले गेले. २००४ च्या त्सुनामीत त्या भिंतीने राजधानीला बरेच वाचवले. भिंत नसलेल्या कंदोलुधू बेटाला मात्र वाली उरला नाही. तिथली सगळी वस्ती उठली आणि काही वर्षांच्या तात्पुरत्या निवाऱ्यानंतर दुवाफारू या दुसऱ्या बेटावर नव्याने बसवावी लागली.

भूतानचा धोका याच संकटाचे वरचे टोक आहे. ७ ऑक्टोबर १९९४ रोजी लुनाना खोऱ्यातले लुग्ये हे हिमसरोवर फुटले. पाण्याचा लोंढा फो छू नदीतून खाली आला, २१ माणसे गेली, पुनाखाच्या जुन्या झोंगचे, म्हणजे किल्लेवजा मठाचे, नुकसान झाले. शेजारचे थोरथोर्मी सरोवर असेच फुटू नये म्हणून पुढे भूतानने जे केले ते आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाही. यंत्रे वर नेणे शक्य नव्हते. तेव्हा शेकडो स्त्री-पुरुष कित्येक दिवसांची पायपीट करून तिथे गेले आणि बर्फाळ पाण्यात उभे राहून, कुदळी-फावड्यांनी दगड हलवत त्यांनी सरोवराला वाट करून दिली. काही हंगामांच्या या कष्टांतून पाण्याची पातळी पाच मीटरने उतरली. हवेत सोडतो त्याहून जास्त कार्बन जंगलांतून शोषून घेणाऱ्या देशाच्या शेतकऱ्यांना जगाने केलेल्या तापमानवाढीची किंमत अशी हातांनी मोजावी लागली. या अन्यायाला दुसरे नाव नाही.

बाहेरून आलेल्या संकटांसाठी या देशांना दोष देता येत नाही. पण एका बाबतीत दोघांनाही जाब विचारायला हवा, आणि त्यांच्याविषयी आपुलकी असलेल्यांनी तो अधिक ठामपणे विचारायला हवा. माणूस हीच ज्यांची सर्वांत तुटपुंजी संपत्ती, त्या दोन देशांनी आपल्यातल्या काही माणसांना माणसांत धरलेच नाही.

भूतानच्या दक्षिण सखल पट्ट्यात नेपाळी बोलणारे ल्होत्शांपा पिढ्यान्‌पिढ्या शेती करत होते. १९८५ च्या नागरिकत्व कायद्याने १९५८ पासूनच्या वास्तव्याचे पुरावे मागितले. १९८८ च्या जनगणनेत त्या आधारावर लोकांची वर्गवारी झाली. पाठोपाठ राष्ट्रीय पोशाखाची सक्ती आली आणि शाळांतून नेपाळी गेली. १९९० मध्ये निदर्शने झाली, त्यांच्यावर दडपशाही झाली आणि एक लाखाच्या आसपास माणसे देशाबाहेर गेली किंवा घालवली गेली. तेव्हाच्या लोकसंख्येचा हा सुमारे सहावा हिस्सा. नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत बांबूच्या झोपड्यांत त्यांची एक पिढी वाढली. २००७ नंतर १ लाख १० हजारांहून अधिक निर्वासितांना तिसऱ्या देशांनी सामावून घेतले, त्यांतले बहुतेक अमेरिकेत गेले. ओहायो आणि पेनसिल्व्हेनियात आज त्यांची दुकाने आहेत, मंदिरे आहेत, मुले तिथल्या विद्यापीठांत शिकतात. ज्या देशाने हे कष्टाळू, शेतीत मुरलेले लोक घालवले तोच देश आज पडीक जमिनी आणि ओस घरे मोजतो आहे, आणि दक्षिणेला गेलेफू इथे हजार चौरस किलोमीटरहून मोठे नवे शहर वसवून परदेशी गुंतवणूकदारांना व बुद्धिमंतांना बोलावतो आहे. गेलेफूचा बेत कल्पक आहे, कोक्राझारहून तिथे रेल्वे नेण्याचे भारताने ठरवले आहे, आणि तो यशस्वी व्हावा. पण त्याच पट्ट्यातून हाकललेल्यांबद्दल एक शब्दही न बोलता तो पुढे जावा, हे आनंदाची मोजदाद करणाऱ्या राज्याला शोभत नाही.

मालदीवमध्ये देशात राहणाऱ्यांपैकी चौथा हिस्सा परदेशी आहे. बांगलादेशी आणि भारतीय सर्वाधिक. इमारती ते बांधतात, रिसॉर्टमधले बिछाने ते घालतात, मासळी ते उतरवतात. शाळांत आणि रुग्णालयांतही भारतीय शिक्षक, परिचारिका, डॉक्टर मोठ्या संख्येने आहेत. घटनेनुसार बिगरमुस्लिम माणूस तिथला नागरिक होऊच शकत नाही, आणि मुस्लिम असलेल्या बांगलादेशी मजुरालाही त्याचा प्रत्यक्षात उपयोग नाही. अनेकांचे पासपोर्ट मालकाकडे अडकलेले, कागदपत्रे मुदतबाह्य, पगार थकलेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मालेतल्या एका इमारतीला आग लागली. खाली गाड्या दुरुस्तीचे गॅरेज, वर खुराड्यासारखी खोली, तिला खिडकी एकच. दहा कामगार मेले, त्यांत बहुतेक भारतीय होते. आपल्याकडे ती बातमी दोन दिवस टिकली. चौदा महिन्यांनी मालदीवच्या कुठल्याशा उपमंत्र्याने समाजमाध्यमावर आपल्याविषयी अपशब्द लिहिले तेव्हा देश आठवडाभर पेटला होता. दहा मजुरांच्या मृत्यूपेक्षा एका टिप्पणीने आपण अधिक दुखावलो, याचा विचार इथल्या वृत्तवाहिन्यांनी आणि त्या पाहणाऱ्यांनी करावा.

भारताचे म्हणणे दोन्ही राजधान्यांत ऐकले जाते. थिंफूच्या योजनांमध्ये भारताचा पैसा असतो, मालेच्या तिजोरीला रिझर्व्ह बँकेचा आधार मिळाला आहे. मग दर भेटीत धरण, पूल, रेल्वे, धावपट्टी यांच्या यादीत आणखी दोन विषय यायला कुणाची हरकत असावी? मालदीवशी कामगारांचा करार करताना राहण्याच्या जागेचे किमान निकष, पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क आणि थकलेल्या पगाराची दाद या अटी लेखी घालता येतील. थिलामाले पुलासारखी भारताच्या पैशाची कामे जिथे चालू आहेत तिथे तर त्या आजच लागू करता येतील, कारण तिथे पैसा देणारे आपणच.

भूतानच्या बाबतीत भारताची जबाबदारी याहून जुनी आहे. भूतान आणि नेपाळ यांची सीमा कुठेच लागत नाही. १९९० च्या सुमारास निघालेले ते ल्होत्शांपा भारतीय भूमीवरून, ट्रकांतून नेपाळला पोहोचले, आणि दिल्लीने हा त्या दोन देशांचा आपसातला प्रश्न आहे असे म्हणून अंग काढून घेतले. २०२५ मध्ये अमेरिकेने त्यांच्यापैकी काहींना हद्दपार करून भूतानला पाठवले. भूतानने त्यांना ठेवून न घेता भारताच्या सीमेवर आणून सोडले आणि पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्याच वाटेने ते पुन्हा नेपाळात शिरले. तिथे पोलिसांनी त्यांच्यातल्या काहींना बेकायदा प्रवेशासाठी पकडले. झापाच्या छावण्यांत अजूनही काही हजार माणसे आहेत आणि त्यांच्यातल्या वृद्धांना मरण्यापूर्वी आपले गाव पाहायचे आहे. त्यांची संख्या इतकी थोडी आहे की गेलेफूच्या नियोजित शहराच्या एका कोपऱ्यातही ती मावेल. त्यांना परत घेण्याचा प्रस्ताव थिंफूपुढे ठेवणारा देश भारतच असू शकतो, कारण ज्या रस्त्याने ती माणसे गेली तो आपल्या जमिनीवरून जातो.